झाडाला कान नसतात

कात्रीकाकांना माणसं चेहऱ्यावरून ओळखता यायची नाहीत. रस्त्यात कोणी हात केला की ते आधी गोंधळायचे, मग त्याच्या डोक्याकडे बघायचे आणि मग कुठे म्हणायचे, "अरे, तुम्ही होय!" भोवरा कुठल्या बाजूला आहे, कपाळावरचे केस कुठून मागे सरकायला लागलेत, मानेवर खड्डा आहे का, यावर त्यांची सगळी ओळखपाळख चालायची. एकदा सख्खा मेहुणा टोपी घालून दारात उभा राहिला, तर काकांनी "बसा, तुमच्या आधी दोघं आहेत" म्हणून त्याला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. मेहुणाही वस्ताद. तो बसून राहिला आणि फुकटात दाढी करून गेला.

त्यांचं सलून घराच्याच पुढच्या खोलीत होतं. एक गोल फिरणारी खुर्ची, भिंतभर आरसा, एक खिडकी. मागच्या दोन खोल्यांत काकूंचा संसार. लग्न होऊन या घरात आल्यापासून काकूंनी आयुष्यात काय झाडलं असेल तर केस. कितीही झाडा, चहाच्या कपात एखादा निघायचाच. मग काकू कप पुढे करून म्हणायच्या, "हा कोणाचा ते तरी सांगा, म्हणजे आभार मानता येतील." काका तो केस उजेडात धरायचे आणि खरंच सांगायचे.

दारापासून रस्त्यापर्यंत जमिनीचा एक तुकडा होता, चार खाटा मावतील एवढा. तिथे गिऱ्हाइकांचा बाक आणि आडव्यातिडव्या लावलेल्या सायकली. माती तुडवून तुडवून टणक झालेली. काकूंना त्या जागी फुलं हवी होती. फार काही नाही, सकाळी दार उघडल्यावर समोर पाच-सहा फुलं दिसावीत आणि अंगणात असं काहीतरी असावं जे कोणाच्या डोक्यावरून खाली पडलेलं नाही, एवढंच. दर वर्षी त्या विषय काढायच्या आणि दर वर्षी काका म्हणायचे, "सलून बंद झालं की बघू." म्हणजे कधीच नाही, हे दोघांनाही कळायचं आणि दोघंही हसायची.

मग काकांचा हात हलायला लागला.

आधी नुसती कपबशी वाजायची. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, गोळ्या घ्या, कमी होईल पण जाणार नाही. काकांनी उजवं मनगट डाव्या हाताने धरून काम रेटलं. आणि एक दिवस एका जुन्या गिऱ्हाइकाच्या कानाच्या पाळीला कात्री लागली. बँकेतले कॅशियर ते, त्यांचे केस काकांच्याच हाताखाली काळ्याचे पांढरे झालेले. बिचारे हसले, म्हणाले, "एवढंसं तर लागलंय, चालतं हो." काकांनी तुरटी लावली, राहिलेले केस नीट कापले, मानेवर पावडर मारली, त्यांना दारापर्यंत सोडून आले आणि परत येऊन सलूनची पाटी उतरवली.

दुसऱ्या दिवसापासून ते त्या फिरत्या खुर्चीत बसायला लागले. आरशाकडे पाठ, खिडकीकडे तोंड. जन्मभर गिऱ्हाइकांचे केस कापता कापता त्यांचं डोकंही खाल्लेला हा माणूस, आता चहा घेता का विचारलं तर मान हलवायचा, आणि ती मान हो म्हणतेय की नाही म्हणतेय तेही समजायचं नाही. काकू घाबरल्या. त्यांचे वडील असेच निवृत्त झाल्यावर खिडकीशी जाऊन बसले होते आणि माणूस म्हणून तिथून परत कधी उठलेच नव्हते. हेही त्याच वाटेने निघालेत, असं त्यांना वाटायला लागलं.

पण खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात त्यांना आनंदही झाला होता. सायकली गेल्या, बाक रिकामा झाला, तुकडा मोकळा झाला. या आनंदाची त्यांना इतकी लाज वाटली की त्या दिवशी त्यांनी काकांना न मागता तीनदा चहा दिला.

आणि लाज वाटत असतानाच त्या नर्सरीत गेल्या. नर्सरी चालवणारी बाई तुसडी म्हणून प्रसिद्ध होती. तिने काकूंकडे न बघताच विचारलं, "काय हवंय?"

"फुलझाडं. पण मेहनत नको. गुडघे गेलेत माझे. एकदा लावली की वर्षानुवर्षं राहिली पाहिजेत. दर हंगामाला नवीन रोपं आणायची आणि वाकून वाकून लावायची, हे आता माझ्याच्याने व्हायचं नाही."

"ऊन?"

"दुपारपर्यंत असतं."

"माती?"

"तुडवलेली."

"पाणी?"

"ते घालीन की."

बाईने जरा विचार केला आणि भराभर रोपं काढून दिली. एक जास्वंद, दोन तगर, थोडी अबोली, कडेला लावायला लिलीचे कांदे. मग तिचा सूर किंचित मऊ झाला. "हंगामी फुलं पाहुण्यांसारखी असतात. आली, मिरवली, गेली. ही घरची माणसं. पहिलं वर्ष जरा रुसून बसतील, पण पुढे तुम्ही विसरलात तरी फुलायचं विसरणार नाहीत. फक्त सारखं त्यांच्या मागे लागू नका."

"मला कुठे तेवढा वेळ आहे," काकू म्हणाल्या. मागे लागणारा घरी खुर्चीत बसलाय, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

शेजारच्या गवंड्याने माती खणून दिली. काकूंनी स्टुलावर बसून, एक एक रोप मांडीवर घेऊन लावलं. झाडं लागली, पालवली, बघता बघता गुडघ्यापर्यंत आली. आणि एका सकाळी काका खुर्चीतून उठून दारात आले, जास्वंदीकडे डोकं तिरकं करून बघत राहिले आणि म्हणाले, "ही उजवीकडून जरा जास्त वाढलीय."

किती दिवसांनी त्यांच्या तोंडून अख्खं वाक्य आलं होतं! काकू नुसत्या बघत राहिल्या. काका आत गेले, कात्री घेऊन आले, आणि त्यांनी जास्वंदीची उजवी बाजू कापली.

त्या दिवसापासून काका रोज सकाळी अंगणात. नुसते कापायचे नाहीत, बोलायचेही. तगरीला त्यांनी महागाई ऐकवली, अबोलीला निवडणुकीचा निकाल समजावून सांगितला. "मान जरा खाली," असंही एकदा काकूंनी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि त्या हातातलं लाटणं तसंच धरून रडल्या. आपला माणूस आपल्याला परत मिळाला, असं त्यांना वाटलं आणि ते खोटंही नव्हतं.

फक्त फुलं येईनात. उजवी बाजू कापली की डावी मोठी वाटायची, डावी कापली की उजवी. कल्ले सारखे करता करता नवशिका दोन्हीकडचे कल्ले कानापर्यंत नेतो, तसं झाडांचं चाललेलं. जास्वंदीचा मिलिटरी कट झाला होता. येणारे-जाणारे थांबून म्हणायचे, "वा! काय टापटीप ठेवलीय." सगळं हिरवंगार, गोलगरगरीत, एका मापाचं, आणि फूल मात्र औषधालाही नाही.

"अहो, शेंड्यालाच कळी येते," काकूंनी समजावलं.

"मग मी शेंडे सोडूनच कापतो," काका म्हणाले. दुसऱ्या दिवशी शेंडे जमिनीवर.

काकूंनी सांगून पाहिलं, "हट्टी कुठले" म्हणून चिडून पाहिलं, एकदा तर विनवणी केली. तेव्हा काकांनी स्वतःच्या हाताकडे बघत एवढंच म्हटलं, "झाडाला कान नसतात गं." त्या आत निघून गेल्या.

तरीही एक कळी वाचली. जास्वंदीच्या अगदी आतल्या फांदीवर, भिंतीच्या बाजूला. काकूंनी तिला डोळ्यांत तेल घालून सांभाळलं. ती फुगली, टोकाशी लाल दिसायला लागली. उद्या उमलणार असं दिसल्यावर काकूंनी काकांना हाताला धरून तिच्यासमोर उभं केलं. "ही बघितलीत? बाकीचं काय हवं ते करा. हिला हात लावायचा नाही."

"नाही लावत," काका म्हणाले.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. काकू आत गेल्या, बोलणं लांबलं. बाहेर आल्या तेव्हा काका कापलेलं सगळं सुपलीत भरत होते, आणि हिरव्या पानांत ती लाल टोकाची कळी पडलेली होती.

काकूंचा जो भडका उडाला तो उभ्या गल्लीने ऐकला. "एक! एक कळी मागितली होती मी! जन्मभर तुमच्या लोकांचे केस झाडले, कधी हूं की चूं केलं नाही. एक फूल बघवलं नाही तुम्हाला?" काकूंनी त्यांच्या हातातली कात्री काढून घेतली आणि स्वयंपाकघरात जाऊन पिठाच्या डब्यात तळाशी खुपसली.

काका आत आले, खुर्चीत बसले आणि त्यांनी ती खिडकीकडे वळवली.

त्यानंतर सगळं काकूंच्या मनासारखं झालं. झाडं हवी तशी वाढली, वेडीवाकडी, मोकळी. जास्वंदीला बशीएवढं लालभडक फूल आलं. तगर पांढरी झाली. लिलीचे दांडे वर आले. काकू सकाळी दार उघडून उंबऱ्यावर बसल्या, जे जन्मभर मागितलं ते समोर होतं, आणि त्यांना त्याच्याकडे बघवेना. पाठीमागे खुर्ची करकरली तरी त्यांना बरं वाटलं असतं. ती करकरतही नव्हती.

"अहो, या ना. फूल आलंय," त्यांनी हाक मारली.

"छान आहे," काका आतून म्हणाले. मान वळवण्याचीही तसदी न घेता.

संध्याकाळी लेक फोनवर म्हणाली, "आई, बाबांना काहीतरी छंद लाव ना."

"लागला होता," काकू म्हणाल्या. "मी पिठाच्या डब्यात टाकलाय."

त्या रात्री नाही, की दुसऱ्या दिवशीही नाही, पण आठवडाभर घरात ती शांतता ऐकल्यावर काकूंच्या डोक्यात प्रकाश पडला. झाडं निवडताना आपण ऊन बघितलं, माती बघितली, पाणी बघितलं, आपले गुडघेसुद्धा बघितले. घरात राहतं कोण, ते बघायचंच राहिलं. पायात चपला सरकवून त्या तडक नर्सरीत गेल्या.

"आता काय?" नर्सरीवाली म्हणाली.

"कापली तरी फुलतील अशी झाडं द्या."

बाईने पहिल्यांदाच हातातलं काम ठेवून वर बघितलं. "असं कोणी मागत नाही. सगळे म्हणतात, हात न लावता फुलतील अशी द्या."

"आमच्या घरात एक हात आहे," काकू म्हणाल्या, "त्याला काम हवंय."

बाईने जास्त विचारलं नाही. तिने मोगरा दिला, म्हणाली, बहर संपला की याला बेधडक छाटायचा, नव्या फुटीवरच कळ्या धरतो. सदाफुली दिली, ती कशीही कापा, आठ दिवसांत जशीच्या तशी. आणि शेवंतीची रोपं दिली, भरपूर. "ही मात्र खुडावी लागते. लहान असताना शेंडा खुडला की तिथून दोन फुटतात. ते खुडले की चार. जितकं खुडाल तितकं झुडूप भरगच्च. कात्रीसुद्धा नको, दोन बोटांत धरून मोडलं की झालं. पण दिवस लहान व्हायला लागले की शेंड्यावर बारीक गुंडी दिसते. ती दिसली की थांबायचं. तेव्हा जो थांबत नाही, त्याला फूल नाही."

काकूंना यातलं शेवटचंच नेमकं अवघड वाटलं. पण त्यांनी रोपं घेतली.

घरी येऊन त्यांनी पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला, कात्री काढली, पदराने पुसली आणि खुर्चीच्या हातावर ठेवली. सांधीत अजून पीठ होतं.

"झाडं आणलीत. यांना छाटायला माणूस हवाय. मला वाकता येत नाही."

काकांनी कात्रीकडे बघितलं, उचलली नाही. मग म्हणाले, "ती कळी मी कापली नव्हती."

"मग काय वाऱ्याने पडली?"

"शेजारची काडी वाळली होती. म्हटलं कळीला लागेल, तेवढी काढावी. धरली नीट, मनगटही धरलं." त्यांनी उजवा हात मांडीवर ठेवला आणि तो तिथेही हलत राहिला. "हाताने ऐकलं नाही. सगळीकडे तेच व्हायचं. थोडं कापायला जावं तर जास्त जायचं. मग दुसरी बाजू सारखी करायला जावं, तर तिकडे अजून जास्त."

काकू समोर स्टुलावर बसल्या. "मग तेव्हाच का नाही बोललात? मी एवढं तोंड सोडलं ते ऐकून घेतलंत?"

"तू मला हट्टी म्हणत होतीस," काका म्हणाले. "ते बरं वाटत होतं."

काकूंना त्यांचा असा राग आला की काही विचारू नका, आणि तितकीच माया. शेवटी त्या म्हणाल्या, "शेवंतीला कात्री लागत नाही. बोटांनी खुडतात. हात हलला तर हलला, जास्त खुडलं गेलं तर ती जास्त फुटते. उठा आता."

काका उठले.

खुडणं त्यांना जमलं. बोटांत शेंडा धरायचा आणि मोडायचा, यात हाताचं हलणं उलट कामाला आलं. दोनाचे चार, चाराचे आठ होताना बघून त्यांना गंमत वाटायला लागली. "आमच्या धंद्यात हे नव्हतं," ते म्हणाले, "नाहीतर टक्कल नावाला उरलं नसतं." मोगऱ्याला आणि सदाफुलीला कात्री. जास्वंद, तगर आणि लिलीकडे जाताना मात्र ते हात मागे बांधायचे आणि पाहुण्यांच्या घरातल्या वस्तू बघाव्यात तसे लांबून बघायचे. गप्पा सगळ्यांशीच सारख्या.

दिवस लहान व्हायला लागले आणि काकूंचा जीव टांगणीला लागला. रोज सकाळी काका बाहेर गेले की त्यांना वाटायचं, जावं, सांगावं, आता बस. पण त्यांनी ठरवलं होतं, पहारा करायचा नाही. फुलं गेली तर गेली. कळीसाठी माणूस परत खुर्चीत जायला नको. त्या स्वयंपाकघरात उभ्या राहून भांडी घासायच्या, घासलेलीच.

एका सकाळी बाहेरून गप्पांचा आवाज येईना. काकू हात न पुसताच धावल्या. काका जुन्या बाकावर बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. समोर शेवंतीच्या शेंड्याशेंड्यावर मोहरीएवढ्या हिरव्या गुंड्या.

"आल्यात," काका कुजबुजले, जणू मोठ्याने बोललं तर त्या परत जातील. मग जरा दटावूनच म्हणाले, "आता तू हात लावू नकोस हं."

"नाही लावत," काकू म्हणाल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या.

शेवंती फुलली तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पिवळी, पांढरी, नुसती दाटी. बँकेतले कॅशियर रस्त्याने जाताना थबकले आणि आत आले. काकांनी या वेळी डोक्याकडे बघितलं नाही, सरळ कानाकडे बघितलं.

"बरा झाला?"

"कधीचाच," कॅशियर म्हणाले. "तुम्हीच पाटी उतरवून बसलात. दुसरा न्हावी मला अजून ओळखतसुद्धा नाही." ते बाकावर बसले आणि चहा घेऊन गेले. जाताना काकूंनी त्यांना ओंजळभर फुलं दिली. ती खुडून दिली काकांनी.

कॅशियर गेल्यावर काका कप विसळायला आत गेले. परत पुढच्या खोलीत आले तर त्यांच्या खुर्चीत काकू बसलेल्या. खुर्ची आरशाकडे वळवलेली, आरसा पुसलेला, अंबाडा सोडून केस पाठीवर मोकळे टाकलेले. लग्नापासून त्या घरात सगळ्यांचे केस कापले गेले होते, काकूंचे सोडून.

"शेंडे खुडा," काकू म्हणाल्या.

"वेड लागलंय का?" काकांनी हात पाठीमागे नेला. "हलतोय बघ. जास्त जातील."

"जाऊ देत."

"वाकडं होईल."

"होऊ दे. कान जरा लांब धरून बसते हवं तर."

मग काकांनी फडताळातून पांढरं कापड काढलं, झटकलं, काकूंच्या गळ्याभोवती घातलं आणि गाठ मारली. गाठ मारायलाच वेळ लागला. त्यांनी केस विंचरले, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. कात्री चालायला लागली तेव्हा काकूंनी डोळे मिटले नाहीत. त्या आरशात त्यांच्याकडे बघत राहिल्या, आणि काका त्यांना महागाईबद्दल सांगायला लागले.

डावी बाजू झाली, मग उजवी. कात्री थांबली. उजवीकडचे केस दोन बोटं वर गेले होते, आरशात सरळ दिसत होतं. काकांचा हात आपसूक डावीकडे निघाला, सारखं करायला. मग अर्ध्यातच थांबला. तो हवेत हलत राहिला, आणि मग त्यांनी कात्री फळीवर ठेवून दिली.

"एक बाजू वर गेलीय," ते म्हणाले.

"वाढेल की," काकू म्हणाल्या. "मी काय हंगामी आहे?"

काकांनी कापड सोडलं आणि कोपऱ्यातला झाडू उचलला. काकू उठायला लागल्या तशी त्यांनी खांद्यावर हात ठेवून त्यांना परत खाली बसवलं. त्या दिवशी केस काकांनी झाडले.